मामांचं स्वागत, मनातल्या मनात

माझ्या बहिणीचं लग्न होण्याआधीच मी ते कितीतरी वेळा लावलं होतं. सगळी उत्तम पार पडली. बिघडलं ते फक्त खरं.

धंद्याने मी निवेदक. म्हणजे आमच्या जुन्नर-आंबेगावात लग्न असो, बैलगाडा शर्यतीचा घाट असो की दुकानाचं उद्घाटन, आलेल्या पाहुण्यांची नावं माईकवरून मानाने घेणारा माणूस. (आमच्याकडे आमटी खारट झालेली चालते. नाव राहिलेलं चालत नाही.) तोवर माझी मजल मुख्य निवेदक पाणी प्यायला गेला की तेवढ्यापुरतं बोलण्याची. त्यामुळे पूजाच्या लग्नाचा माईक आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, माझ्या हाती दिला, तेव्हा आनंदही झाला आणि भीतीही वाटली.

मोबाईलवरच्या एका गुरूने उपाय सांगितला. मोठ्या प्रसंगाआधी डोळे मिटायचे आणि सगळा प्रसंग मनात नीट पार पाडायचा, म्हणजे भीती जाते. मग काय! कांद्याला पाणी देता देता मी खुरपं तोंडासमोर धरायचो आणि डोळे मिटायचो. पाटाचं गार पाणी पावलांवरून जायचं, लांब कुणाची तरी मोटार घुमत असायची, आणि वाफ्यांच्या जागी हळूहळू मांडव उभा राहायचा. मी म्हणायचो, "निमगाव सावा इथून खास आलेले नवरीचे मामा, श्रीयुत बबनराव!" मामा फेटा सावरत उठायचे, टाळ्या पडायच्या, मामांचे डोळे भरून यायचे. ते दृश्य मला इतकं गोड लागायचं की मी मामांना पुन्हा खाली बसवून पुन्हा उठवायचो.

"आरं, पाणी मेथीत शिरलं ना!" आई बांधावरून ओरडली.

"थांब जरा, मामांचा सत्कार चाललाय."

"कर सत्कार. मेथी चालली व्हाऊन."

लग्नाच्या दिवशी आळेफाट्याजवळच्या कार्यालयात मी इतका शांत होतो की आप्पांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. सरपंच झाले, डेअरीचे चेअरमन झाले, व्याह्यांची भावकी झाली. जोशात मी मांडववाल्याचंही स्वागत केलं. मग आवाज मऊ करून म्हणालो, "आता नवरीच्या मामांनी नवरीला बोहल्यावर घेऊन यावं."

अंतरपाट धरला गेला. भटजींनी घसा साफ केला. कोणी आलं नाही. मी पुन्हा पुकारलं. तेवढ्यात आप्पा घामाघूम होऊन स्टेजवर आले.

"मामा पिकअपमदी जाऊन बसलाय. काचा वर करून."

"का?"

"त्याचं नाव न्हाई घेतलं तू."

"घेतलं की! टाळ्या केवढ्या पडल्या."

"कुणी वाजवल्या?"

मी आठवायला गेलो. मामा आठवले, फेटा आठवला, टाळ्याही आठवल्या. त्या टाळ्यांच्या मागे कांद्याचे वाफे दिसले, आणि माझे पाय गार पडले.

आमच्याकडे मामाने आणल्याशिवाय नवरी बोहल्यावर येत नाही. मुहूर्त टळत होता, भटजींना पुढचं लग्न गाठायचं होतं, आणि नवरदेव अंतरपाटाकडे बघत उभा होता. माझ्या तयारीपायी सख्ख्या बहिणीचं लग्न अडलं होतं. मी माईक हातात घेऊनच पिकअपकडे धावलो.

"मामा, चुकलो. तुमचं नाव घेतलं होतं, पण मनात."

काच चार बोटं खाली आली. "मनात?"

"हो. लई वेळा."

"मंग म्या बी नवरीला मनातच आणतो. जा, लाव लगीन." काच वर गेली.

शेवटी पूजाच शालू सावरत बाहेर आली. काचेवर टकटक करून म्हणाली, "मामा, लहानपणी जत्रेत खांद्यावरून न्यायचात. आज मांडवापर्यंत तरी न्या."

मामांनी नाक पुसलं. "नेतो गं बाई. पर आदी त्याला म्हणावं, नाव घे. समदं."

मी पिकअपशेजारी उभा राहून माईकवर नाव घेतलं, अगदी गावासकट. कार्यालयातून खऱ्या टाळ्या आल्या. मामांनी फेटा सावरला आणि त्यांचे डोळे भरून आले, अगदी माझ्या मनातल्यासारखे. लग्न लागलं.

पाठवणीचीही मी तयारी केली होती. रडायचं नाही, दोन वाक्यं बोलायची आणि हसून निरोप द्यायचा. पण पूजा गळ्यात पडून म्हणाली, "दादा, आईच्या मेथीकडं लक्ष दे," आणि माझा बांध फुटला. लहानपणी पडल्यावरही मी तसा रडलो नव्हतो. मामा पाठीवरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "रड, भाचं, पोटभर रड. पर त्या माईकचं बटन बंद कर. फाट्यावर लोकांनी गाड्या थांबवल्यात."

तेव्हापासून मला ऑर्डरींची कमी नाही. लोक सगळं ठरवतात आणि जाता जाता म्हणतात, "राव, त्ये शेवटचं रडनं बी पायजे बरं का, तसंच." मी हो म्हणतो. गुरूने सांगितल्याप्रमाणे वाफ्यात उभा राहून, डोळे मिटून मनात पोटभर रडून घेतो, आणि पाठवणीच्या वेळी नेमका कोरडा ठणठणीत उभा राहतो. भिजलेली असते ती फक्त आईची मेथी.