मागून नेलेला कंदील

सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात मास्तर म्हणून गेलो, तेव्हा मला अंधाराची धास्ती होती. रात्रभर उशाशी कंदील जळायचा. झोप लागायची नाही आणि सकाळी शाळेत पोरांवर उगाच छडी उठायची.

शेजारी तलावात मासे धरणारा एक म्हातारा राहायचा. बोलताना तो माणसाकडे नाही, हातातल्या जाळ्याकडे पाहायचा. एका संध्याकाळी तो दारात आला.

"कंदील द्या ना जी गुरुजी, तलावावर जावाले लागते."

मग हे रोजचंच झालं. पहिले चार दिवस मी अंधारात चरफडत पडलो. पुढे पाठ टेकताच डोळा लागू लागला. छडी कोपऱ्यात धूळ खात पडली. सकाळी कंदील परत यायचा, काच लख्ख पुसलेली, तेल जसंच्या तसं. घरचं तेल भरतो बिचारा, असं मला वाटे.

बदली झाली तेव्हा त्याच्या बायकोला म्हटलं, "बाई, कंदील ठेवा. तलावावर कामाला येईल."

ती हसली. "तलावावर तं ते उजाडल्यावर जातेत जी. कंदील खुटीले टांगून सांजेलेच झोपतेत."

म्हातारा जाळ्याकडेच पाहत पुटपुटला, "उजेडात झोप कुठी येते जी?"

कंदील मी त्याच खुंटीवर टांगून आलो.