पोचेपर्यंत

मुलगी टोरांटोला निघाली. मोबाइलवरच्या नकाशात तिचं विमान अजून समुद्रावरच आहे आणि माझ्या हातातली केरसुणी तशीच थांबली आहे. आई म्हणायची, "माणूस पोचेपर्यंत त्याच्यामागे केर काढू नये गं." तेव्हा बाबांची एसटी दुपारपर्यंत साताऱ्याला पोचायची, मग आई घर झाडायला घ्यायची. आता अर्धी पृथ्वी, अख्खा दिवस. तोवर खुर्चीखाली पडलेला लेकीचा लांब केस मी उचलणार नाही.

आईला नेलं, तेव्हा मात्र शेजारणींनी लगेच सगळं घर धुऊन काढलं. रीतच आहे ती. मी दारातून म्हणत होते, "अहो, थांबा ना जरा."

आई पोचल्याचं अजून कुणी कळवलेलं नाही.