काकूंची खात्री

इस्त्रीवाल्या काकूंचा कोणावरही पटकन विश्वास बसत नसे. गल्लीतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई मुलींना फुकट विज्ञान शिकवू लागल्या, तेव्हा यात काहीतरी काळंबेरं आहे असं काकूंच्या मनाने घेतलं. लेकीचा हट्ट मोडवेना म्हणून तिला पाठवलं, पण स्वतःही दाराशी ठाण मांडून बसल्या.

सूक्ष्मदर्शकात डोकावून लेक म्हणाली, "आई, डबक्याच्या पाण्यात किती जीव वळवळतायत बघ."

"पाण्यात बाईंनीच काहीतरी घातलं असेल," काकू पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच डबक्यातलं पाणी बाटलीत भरून घेऊन आल्या. सूक्ष्मदर्शकाला लावलेला त्यांचा डोळा बराच वेळ हलेना.

"मुलींनी असंच पडताळून बघायला हवं," बाई म्हणाल्या.

काकूंना या कौतुकाचाही संशय आला. लेकीचा वर्ग मात्र त्यांनी कधी चुकू दिला नाही.