दादाच्या सहीशिवाय

रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत एक लाँड्री आहे. बाहेर पाटी आहे, पण ती वाचायची वेळ कुणावर येत नाही. साबणाचा आणि वाफेचा वास कोपऱ्यापासूनच येतो. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे चादरीवाल्या ताई म्हणतात. वय बावन्न. रोज सकाळी साडेपाचला शटर वर करायचं, रुग्णालयातून आलेली गाठोडी सोडायची, रक्ताच्या डागांच्या चादरी वेगळ्या काढून थंड पाण्यात टाकायच्या, बाकीच्या मोठ्या मशीनमध्ये. वीस वर्षं हेच चाललं होतं. त्यातली सतरा नवऱ्याबरोबर, तीन एकटीने.

नवरा गेला तो मंगळवार होता. सकाळी गेला, आणि दुपारी बाराच्या गाडीने चादरी नेहमीसारख्या रुग्णालयात पोचल्या. ताईंनीच मोजून दिल्या. लोक म्हणाले, काय धीराची बाई आहे. धीरबीर काही नव्हता. चादरी तयार होत्या, म्हणून दिल्या. रडू कधीतरी येईल म्हणून त्यांनी काही दिवस वाट पाहिली, मग वाट पाहायचंही राहून गेलं. जेवण जायचं, झोप लागायची, कुणी विनोद केला की हसूही यायचं. फक्त त्यातलं काही आतपर्यंत पोचायचं नाही.

तिसऱ्या वर्षी मोठं मशीन कुरकुरायला लागलं. भरलेल्या ड्रमने वेग घेतला की आतून दगड भरडल्यासारखा आवाज यायचा. मिस्त्री आला, अर्धा तास मशीनखाली पडून राहिला आणि हात पुसत म्हणाला की बेअरिंग गेलंय, ड्रमही घासलाय, आता औषधपाणी पुरे, दुसरं बघा. त्याच महिन्यात रुग्णालयाच्या स्टोअरकीपरने ताईंना बोलावून एक ओलसर चादर दाखवली. तो भला माणूस होता, शिवाय नवऱ्याच्या ओळखीचा. तीन महिन्यांत मशीन बदला, त्यानंतर माझ्या हातात काही राहणार नाही, एवढंच तो म्हणाला.

मशीन म्हणजे कर्ज, आणि कर्ज म्हणजे दादा. दादा म्हणजे ताईंचा थोरला भाऊ. आठ वर्षांपूर्वी वाळवणीचं मशीन घेतलं तेव्हा बँकेने तारण मागितलं होतं, आणि ताईंकडे भाड्याची शेड सोडली तर काही नव्हतं. दादाने न विचारता आपलं घर तारण ठेवलं. मग दरवर्षी एकदा कागदांच्या नूतनीकरणासाठी तो बँकेत यायचा, चष्मा कपाळावर चढवून सह्या ठोकायचा. नंतर दोघं समोरच्या टपरीवर चहा प्यायची. ते कर्ज नुकतंच फिटलं होतं, पण घराचे कागद बँकेतच होते. पुन्हा लागतीलच, म्हणून कुणी सोडवून आणले नव्हते.

ताई फॉर्म घेऊन दादाकडे गेल्या. दादा वर झोपला होता. त्याचे गुडघे आता जिना चढूउतरू देत नव्हते, त्यामुळे एकदा वर गेला की तो संध्याकाळीच खाली यायचा. वहिनीने ताईंना स्वयंपाकघरात बसवलं, चहा टाकला, आणि मागे न वळता बोलायला लागली. लेक दुसऱ्या शहरात आहे, तळमजल्यावर घर आहे तिचं, या म्हणून मागे लागली आहे. या घराला गिऱ्हाईकही आलं होतं, चांगलं. दादाने त्याला परत पाठवलं. का, ते बहिणीला सांगायचं नाही असंही बजावलं.

"मी तुम्हाला बोल लावत नाही," वहिनी म्हणाली. "पण आठ वर्षं आम्ही आमच्याच घरात भाडेकरूसारखं राहतोय. भिंतीला खिळा मारायचा तरी हे म्हणतात, असू दे, बँकेचं आहे."

खिळ्याचं ऐकून ताईंना हसू आलं, आणि वहिनीलाही. ताईंनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि दादा उठायच्या आत निघाल्या. फॉर्म पिशवीतच राहिला. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं त्यांना रस्त्यात वाटलं. पण वाईट वाटलं नाही.

बँकेत कर्जाच्या टेबलावर निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या एक मॅडम होत्या. ताईंनी फॉर्म पुढे केला आणि सांगितलं की घर मिळणार नाही. मॅडमनी फॉर्म उलटसुलट पाहिला. मग ड्रॉवरमधून दुसराच काढला आणि सरकारच्या हमी योजनेबद्दल सांगायला लागल्या. छोट्या धंद्यांसाठी सरकारने एक निधी ठेवला आहे. तारण नसलं तरी बँक कर्ज देते, जामीन म्हणून तो निधी उभा राहतो, आणि त्याबद्दल दरवर्षी थोडी फी भरावी लागते.

"म्हणजे मी बुडाले तर सरकार भरणार?" ताईंनी विचारलं.

"बँकेला भरणार. तुमची सुटका नाही त्यात. तुमच्याकडून वसूल करायचं ते आम्ही करतच राहणार. फक्त दुसऱ्या कुणाचं घर मधे येणार नाही."

ताईंनी ते वाक्य मनात एकदा म्हणून पाहिलं. तेवढ्यात मॅनेजर आले. त्यांना सगळा प्रकार कळला तेव्हा ते समजुतीने म्हणाले की भावाचे कागद आपल्याकडेच आहेत, एक सही आणा, आठवड्यात पैसे. योजनेतून गेलात तर तपासणी, मंजुरी, दोन महिने कुठे गेले नाहीत. हातचं सोडून कशाला? त्यांचं चुकत नव्हतं. मशीन दोन महिने टिकेल याची खात्री कुणीच दिली नसती.

"दोन महिने चालतील," ताई म्हणाल्या.

मशीन पाचव्या आठवड्यात बसलं. ड्रम फिरेना, दार उघडेना, आत चाळीस चादरी. मिस्त्रीने दार कापून त्या काढल्या. त्यानंतर ताई, इस्त्रीवाला आणि गाडीचा ड्रायव्हर अशा तिघांनी हौदात उभं राहून चादरी धुतल्या. ड्रायव्हर म्हणायचा, आईने शाळेत घातलं ते याच्यासाठी. शस्त्रक्रिया विभागाच्या चादरींना ठरावीक तापमानाचं पाणी लागतं, ते हौदात होत नाही, म्हणून स्टोअरकीपरने तो विभाग दुसऱ्या लाँड्रीला दिला. निम्मं काम गेलं. ताईंच्या हाताची सालं निघाली. सही आणली असती तर हे टळलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांचे पाय दादाच्या घराकडे वळले नाहीत.

अशातच निधीकडून तपासायला एक गृहस्थ आले. पॅन्ट दुमडून ते ओल्या फरशीवर जपून उभे राहिले. बंद मशीन पाहिलं, हौद पाहिला, जुनी बिलं पाहिली. धंद्याची योजना लेखी आहे का, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, उद्या साडेपाचला यायचं, एवढीच आहे. गृहस्थांनी वहीतून डोकं वर काढलं.

"आणि रुग्णालयाने उरलेलं कामही काढून घेतलं तर?"

"माहीत नाही," ताई म्हणाल्या. "कर्ज माझ्या एकटीच्या नावावर असेल. मीच काय ते बघेन."

गृहस्थांनी ते लिहून घेतलं. काय लिहिलं ते दिसलं नाही.

मंजुरी अकराव्या आठवड्यात आली. मॅनेजरनी हात मिळवला, आणि मॅडमनी जामीनदाराच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे कुणा माणसाचं नाव नव्हतं, निधीचा एक लांबलचक क्रमांक होता. ताईंनी सही केली. आनंद होईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती, आणि झालाही नाही. त्यांनी दादाच्या घराचे कागद मागितले. मॅडमनी दादाला फोन करून त्याची परवानगी घेतली, तिजोरीतून फाइल काढून आणली आणि पोच घेऊन ती ताईंच्या हाती दिली.

दादा त्या दिवशी खाली दारात खुर्ची टाकून बसला होता. ताईंनी फाइल त्याच्या मांडीवर ठेवली. वहिनीने ती उचलली, टेबलाशी नेऊन एकेक पान उलटून पाहिलं, मग कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि तिथेच डोळ्यांना पदर लावून उभी राहिली. दादाने तिकडे पाहिलं नाही.

"मी सही केली असती," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग मागितली का नाहीस?"

"तू केली असतीस म्हणून."

दादा गुडघे चोळत राहिला. मग म्हणाला की तुझा नवरा गेल्यापासून तुझ्यासाठी मला करता येण्यासारखं एवढंच उरलं होतं. वर्षातून एक सही. ताई त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या, अंधार पडेपर्यंत.

नवं मशीन दारातून आत येईना, तेव्हा शेडची एक भिंत पाडावी लागली. शेडच्या मालकाने तिचे पैसे ताईंकडून घेतले. शस्त्रक्रिया विभाग परत यायला सात महिने लागले, आणि तोही पूर्ण आला नाही. मधल्या काळात ताईंनी दोन छोटे दवाखाने धरले, एका हप्त्यासाठी हातातल्या बांगड्या मोडल्या, पण हप्ता चुकवला नाही. दादाचं घर विकलं गेलं. सामान लेकीच्या शहराकडे निघालं त्या दिवशी ताई पहाटे पोचल्या, वहिनीबरोबर भांडी बांधली आणि साडेपाचला लाँड्री उघडायला परत आल्या.

आता दर महिन्याच्या पाच तारखेला दादाचा फोन येतो. तो जामीन नाही, त्याचं घर कुठे अडकलेलं नाही, तरी पहिला प्रश्न ठरलेला.

"हप्ता गेला का?"

"गेला."

"बरं."

मग गुडघे, तळमजला, लेकीच्या दारातली फुलझाडं. बोलणं लवकर संपतं, फोन लवकर ठेवला जात नाही. आपल्याला यात बरं वाटतं की नाही, हे ताईंना सांगता येणार नाही. मागच्या महिन्यात मात्र सात तारीख उजाडली तरी फोन आला नव्हता. ताईंनी चादरी मधेच ठेवल्या, हात पुसले आणि स्वतः फोन लावला.