पांढरी खूण, तांबडी खूण

सुमनबाई गेल्याचा निरोप घेऊन त्यांचा भाचा चिकोडीहून आला, तेव्हा मी शाळेच्या मैदानावर फक्कीने रेघा मारत होते. "झोपेतच गेली आत्ती. काय तरास न्हाय झाला," तो म्हणाला. रडू आलंच, पण त्याआधी हायसं वाटलं. कुणी हात धरून चालवणं बाईंना सोसलंच नसतं... महिना होत आला तरी ते हायसं वाटणं टिकून आहे. बाईंच्या आठवणीशी ते माझ्या शाळकरी वयापासूनच जोडलेलं आहे.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. बेळगावातल्या आमच्या मुलींच्या शाळेत बाई व्यायाम शिकवायच्या आणि पुढच्या पदवीसाठी प्रबंध लिहायच्या. रोज सकाळी शाळेआधी पळण्याचा सराव केला तर मुलींचा दम वाढतो का, हा विषय. सरावाच्या आधी एकदा आणि सहामाही संपल्यावर एकदा, शिट्टीपासून शिट्टीपर्यंत कोण किती फेऱ्या मारते ते त्यांनी मोजलं. खरं तर बाईंचा आवाज असा, की शिट्टीची गरजच नव्हती. मला ते पळणं जीव की प्राण होतं. गावाकडच्या पोरीला एरवी मोकळं पळायला कोण देतं?

रिवाजाप्रमाणे बाईंनी सगळ्यांची सरासरी काढली आणि आलेखाच्या कागदावर दोन खांब रंगवले, 'आधी' आणि 'नंतर'. दोन्ही एकाच उंचीचे. हेडमास्तरांनी चष्मा सरकवून पाहिलं. "सारखेच की हो बाई. मग पोरींची झोप कशाला मोडायची? सोमवारपासून बंद करूया." कागद बघून दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतंच. आमचे चेहरे उतरले. सराव बंद पडला तो माझ्यामुळेच, अशी माझी तर खात्री होती. दुसऱ्या वेळी मी मध्येच धापा टाकत खाली बसले होते.

शनिवारी शाळा सुटल्यावर बाईंनी हेडमास्तरांना मैदानावर बोलावलं. बाईंच्या हातात फक्कीचा पत्र्याचा डबा होता, तळाला खिळ्याने भोकं पाडलेला. प्रत्येक मुलीची एक रेघ त्यांनी आखली होती, एका फेरीला एक पाऊल या हिशेबाने. पहिल्या वेळी जिथवर पोचलो तिथं फक्कीची पांढरी खूण, दुसऱ्या वेळी पोचलो तिथं विटेच्या भुकटीची तांबडी. आम्ही आपापल्या तांबड्या खुणेवर उभ्या राहिलो. बहुतेक जणी पांढऱ्या खुणेच्या थोड्या पुढे होत्या. आम्ही चौघी मात्र खूपच मागे. बाकीच्यांची सगळी कमाई आमच्या पिछाडीने खाल्ली होती, म्हणून ते खांब सारखे.

हेडमास्तर रेघांमधून हिंडले. "म्हणजे सरावानं दम वाढतो म्हणा की."

"तसंबी न्हाय, सर. बहुतेकींना मानवला, ह्यांना न्हाय. का न्हाय, ते बघाय पायजे." बाई माझ्याजवळ आल्या. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली.

"सकाळी काय खाऊन येतीस गं?"

"काय न्हाय, बाई. घरोघरी दूध घालून तशीच येतो."

बाकीच्या तिघीही गावाकडच्याच निघाल्या. सराव सुरू झाल्यापासून, तो गाठायचा तर भाकरी भाजून व्हायच्या आत घर सोडावं लागे. मी आळशी नव्हते, उपाशी होते. हे कळल्यावर किती हलकं वाटलं म्हणून सांगू... सराव चालू राहिला. आमच्या चौघींचा शाळा सुटल्यावर, डब्यातली भाकरी खाऊन. प्रबंधातही बाईंनी खांबांच्या शेजारी प्रत्येकीची रेघ काढली. वर्षअखेरीला माझी तांबडी खूण पांढरीच्या पुढे गेली, तेव्हा त्या नुसतं "व्हय" म्हणाल्या. बाईंचं कौतुक म्हणजे एवढंच.

तो फक्कीचा डबा आता माझ्याकडे आहे. मीही व्यायामच शिकवते. त्या दिवशी भाचा परत गेल्यावर अर्धवट राहिलेल्या रेघा पुऱ्या केल्या आणि मुलींना आपापल्या खुणेवर उभं केलं. एक जण बरीच मागे होती, मान खाली घालून. तिच्याजवळ गेले आणि तोंडून आपसूक निघालं, "सकाळी काय खाऊन येतीस गं?"

तिनं मान वर केली.