शनिवारचा दवाखाना आणि रोजाची गाठ

आमच्या शनिवारच्या दवाखान्याचा विषय निघाला की मला आवरणं कठीण, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे! एक सांगायला घ्यावं तर दुसरं पुढे येतं. २००४ साली मी अमेरिकेत, पिस्कॅटवेला एम.एस. करत होते. जवळच्या एका चर्चच्या तळघरात फुकट दवाखाना चालायचा. डॉक्टर आपले देशपांडेकाका, पेशंट बहुतेक मेक्सिकोहून आलेले. देशात राहायचे पेपर्स नाहीत, इन्शुरन्स नाही. मी फॉर्म भरायचे आणि त्यांच्यातलीच रोजा स्पॅनिश-इंग्लिश दुभाष्याचं काम करायची. लोकांची घरं साफ करता करता इंग्लिश शिकली होती, पठ्ठी!

*

काका पेशंटशी बिनधास्त मराठीत बोलायचे. "जीभ काढ. आता मोठा श्वास घे." आणि ते घ्यायचे! मग मला म्हणायचे, "अगं, माझ्या पोरांना दहादा सांगून कळत नाही, यांना बरोबर कळतं!"

*

एका मावशींची शुगर काही केल्या उतरेना. काका वैतागले, "गोळ्या घेताय की नाही?"

रोजानं विचारलं. मावशी म्हणाल्या, "अर्धी घेते. अर्धी बहिणीला देते. तिलाही शुगर आहे, मग मी एकटीनं कशी खाऊ?"

काकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "पुढच्या शनिवारी तिलाही घेऊन या."

*

मॅन्युएल घरांची छपरं घालायचा. पायात खिळा घुसल्यावर दोन दिवसांनी आला! काका जाम भडकले.

तो शांतपणे म्हणाला, "छप्पर अर्धं उघडं होतं, पाऊस येणार होता. त्या घरात तान्हं बाळ आहे."

आणि घर कुणाचं? ना ओळखीचं, ना पाळखीचं!

*

आणि मग रोजा. सगळ्यांना "घाबरू नका" म्हणणारी ही बाई स्वतःच्या छातीतली गाठ चार महिने लपवून बसली होती! काकांनी तपासलं आणि म्हणाले, "हॉस्पिटल. याच आठवड्यात."

अपॉइंटमेंट मिळाली. रोजानं कॅन्सल केली. पुन्हा मिळवली, पुन्हा कॅन्सल! "तिथं पेपर्स मागतील. मला परत पाठवलं तर माझ्या मुलींनी कुणाकडे बघायचं?" काकांनी हात जोडले, मी रडले. सगळा दवाखाना बघत होता, पण ती ढिम्म!

तिसऱ्या वेळी मीच गाडी घेऊन तिच्या दारात गेले. कशीबशी बसली, पण हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये उतरेचना. म्हटलं, थांब, मी आत बघून येते.

आत काउंटरसमोर मॅन्युएल! सकाळी सातपासून, कामाचा खाडा करून बसलेला.

"अरे, तुला काय झालं?"

"काही नाही. पोट दुखतं म्हणालो. खरं नाव दिलं. पेपर्स नाहीत, तेही सांगून टाकलं." त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चार तास झाले. अजून मला पकडून न्यायला कुणी आलं नाही. रोजाला म्हणावं, ये आता."