कळलावीचा काढा

कुडपणच्या रानात कुठलं पान कशाला लागतं ते राहीबाईला विचारावं, असं सगळी वाडी म्हणे. साठी उलटलेली ही बाई पायाने काटक आणि बोलायला तोलूनमापून. महाडच्या कॉलेजात संशोधन करणारी अपेक्षा दोन पावसाळे तिच्यामागून रान तुडवत होती. राहीबाई झाड दाखवी, अपेक्षा नाव टिपून पाला-मुळी पिशवीत भरी.

गणपतीच्या दिवसांत अपेक्षाने राहीबाईच्या पडवीत लॅपटॉप उघडला. डेंग्यूच्या विषाणूचं चित्र होतं, त्याला एक खोबण; ती बुजली तर विषाणू अडतो. रानझाडांतल्या शेकडो द्रव्यांचे आकार कॉम्प्युटर त्या खोबणीत बसवून बघत होता.

"कळलावीच्या कंदातलं एक द्रव्य घट्ट बसलंय," ती म्हणाली. "पण बसलं म्हणजे औषध झालं असं नाही. प्रयोगशाळेत अजून काहीच तपासलेलं नाही."

तिचं शेवटचं बोलणं कुणी कानावर घेतलं नाही. मुंबईहून आलेला पुतण्या सुनील याने फोटो काढून वाडीच्या ग्रुपवर टाकला: 'डेंग्यूवर औषध सापडलं, आपली कळलावी.'

दोन आठवड्यांनी सुनीलचा बाप हैबती, म्हणजे राहीबाईचा धाकटा दीर, तापाने आडवा झाला. चौथ्या दिवशी सकाळी राहीबाई त्याला बघायला गेली, तर मोरीपाशी कळलावीच्या, नांगराच्या फाळासारख्या कंदाची सालं पडलेली. लहानपणी तिची मैत्रीण मैना रताळं समजून हाच कंद खाऊन बसली होती. दुसरा दिवस तिने पाहिला नव्हता.

आत सुनीलची बायको सेजल काढा गाळत होती.

"ते खाली ठेव गो."

"मोठी आई, ह्यांनीच फोनवर सांगितलंय. कॉम्प्युटरनं पास केलंय."

"जहर हाय ते."

अंथरुणावरून हैबतीने पेल्याला हात घातला. "वैनी, कळलावी तूच दाखवलीस ना त्या पोरीला?"

"दाखवली. खायाला नाय सांगितली."

"शहरवाल्यांना द्यायची, घरच्याला नाय. असंच ना?"

राहीबाईने सेजलला अपेक्षाला फोन लावायला अंगणात पिटाळलं. एकदा वाजला, दोनदा वाजला, कुणी उचलेना. इकडे हैबतीने पेला ओठांशी नेला. राहीबाईने तो हिसकावला आणि पातेल्यातल्यासकट सगळा काढा चुलीत ओतला. राख फसफसली.

"आता मी मेलो तर तुझ्या माथी," हैबती म्हणाला.

"बरं, माझ्या माथी. आधी जीपमध्ये बसा."

पोलादपुरात रक्त तपासलं. डेंग्यूच निघाला. प्लेटलेट उतरत होत्या, म्हणून त्याला महाडला हलवलं. तीन दिवस राहीबाई दवाखान्याच्या बाकावर बसून होती. सुनील धावत आला, पण तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. मैना तिला डोळ्यांपुढे दिसत होती, तरी एक विचार पोखरत होताच. अपेक्षा आली तेव्हा तो तोंडून निघाला.

"कॉम्प्युटर खरा असला तर? मीच त्याचं औषध सांडलं असलं तर?"

"खोबणीत काय बसतं एवढंच कॉम्प्युटर सांगतो, आजी. ते पोटात गेल्यावर काय करतं, ते नाही. तुम्ही सांडलंत म्हणून तुमचे दीर अजून आहेत." अपेक्षा बाकावर तिच्याशेजारी बसली. "कळलावी विषारी आहे हे वाचलं होतं मी. त्या दिवशी पडवीत ते आधी सांगायला हवं होतं. पण तुम्हीही कधी बोलला नाहीत."

"तू नाव इचारायचीस. कुणी गिळलं तर काय, ते कधी इचारलंस?"



चौथ्या दिवशी प्लेटलेटचा आकडा चढला. आठवड्याने हैबती आपल्या पायांनी घरी आला. त्याने दिवाळीपर्यंत वैनीशी बोलणं टाकलं होतं. भाऊबीजेला मात्र तो तिच्या पडवीत येऊन बसला, चहा घेतला आणि भाताचं कसं काय ते विचारून उठला. राहीबाईनेही काही उकरून काढलं नाही.

पुढल्या पावसाळ्यात अपेक्षा पुन्हा आली. कळलावीचं ते द्रव्य प्रयोगशाळेत विषाणूबरोबर चांगल्या पेशीही मारत होतं, म्हणून यादीतून गेलं होतं. राहीबाईने ऐकून घेतलं, विळा कमरेला खोचला आणि रानाची वाट धरली. पहिल्याच झुडपापाशी ती थांबली.

"हे गुरंसुद्धा खात नाय," ती म्हणाली. "हे लिही आधी. नाव मग सांगते."